दुसरा टप्पा पडायच्या आत

टेनिसचा मूळ नियम एका वाक्यात सांगता येतो. चेंडू आपल्या बाजूला पडला की त्याचा दुसरा टप्पा पडायच्या आत तो जाळीपलीकडे धाडायचा. मराठीत हे वाक्य बोललं की त्याला आणखी एक अर्थ आपोआप चिकटतो, कारण आपण चेंडूच्या उसळीलाही टप्पा म्हणतो आणि वाटचालीतल्या मजलेलाही.

मजल कशी मोजायची, हे धुळ्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते इथेच एकमेकांना छेदतात. नाशिकच्या दिशेने निघालं आणि मैलाचा दगड मागे पडला, की तो कायमचा मागे पडतो. वर्षभरानंतर कुणी येऊन म्हणत नाही, ‘तो दगड आता धरत नाही, परत चालून दाखवा.’ टेनिसवर पोट असलेल्या मुलीला मात्र दर सोमवारी नेमकं हेच सांगितलं जातं.

या प्रकरणात अशा दोन मराठी मुली भेटतील. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे, जन्म १९९४. आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले, जन्म १९९६. एशियाडमधल्या पदकांवर या दोघींची नावं आहेत. दोघींची मुळं तालुक्याच्या गावात आहेत, आणि म्हणूनच धुळे, शिरपूर, चाळीसगाव, अमळनेरच्या वाचकाला त्यांची वाट जवळून बघण्यासारखी आहे. त्यांनी काय जिंकलं हे वर्तमानपत्रांत येऊन गेलं. ते जिंकायला काय मोजावं लागतं आणि जिंकलेलं किती दिवस टिकतं, हे सहसा येत नाही.

घरचं खाऊन

मराठी घरातली मुलगी विम्बल्डनच्या हिरवळीवर सामना जिंकली, त्याला आता नव्वद वर्षं उलटली. तिचं नाव लीला रो. आजोबा शंकर पांडुरंग पंडित हे तुकारामांच्या गाथेचे संपादक, आई पंडिता क्षमाबाई रो संस्कृतात काव्य लिहिणाऱ्या आणि स्वतः टेनिस खेळणाऱ्या, वडील मुंबईतले नामवंत डॉक्टर. १९३४ साली लीलाबाईंनी विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल हिला तीन सेटमध्ये हरवलं. विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. दुसऱ्या फेरीत त्या फ्रान्सच्या इदा अ‍ॅडमॉफकडून हरल्या. पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या, पहिल्याच फेरीत परतल्या. देशातली अखिल भारतीय विजेतेपदं त्यांनी अनेकदा मिळवली. नंतर त्यांनी नृत्यशास्त्रावर पुस्तकं लिहिली आणि त्या हिमालयातही भटकल्या.

लीलाबाई व्यावसायिक नव्हत्या. त्या काळी विम्बल्डनमध्ये बक्षिसाची रक्कमच नव्हती. पैसे घेऊन खेळणाऱ्याला तिथे प्रवेश नव्हता. म्हणजे बोटीचं भाडं घरचं, राहणं घरचं आणि जिंकलं तरी हाती मानाशिवाय काही नाही. घरचं खाऊन खेळायचं, तर आधी घरात तेवढं असायला हवं. त्यामुळे त्या पिढीतलं टेनिस डॉक्टर, बॅरिस्टर आणि संस्थानिक यांच्या अंगणाबाहेर फारसं गेलं नाही. १९६८ मध्ये मोठ्या स्पर्धा व्यावसायिकांना खुल्या झाल्या आणि हे चित्र पालटायला सुरुवात झाली.

तेव्हाही बायकांच्या वाट्याला पुरुषांच्या बक्षिसाचा एक तुकडाच यायचा. सप्टेंबर १९७० मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरी बिली जीन किंग आणि इतर आठ जणींनी संपादिका ग्लॅडिस हेल्डमन यांच्याशी एकेका डॉलरचा करार केला आणि स्वतःची वेगळी स्पर्धा मांडली. रक्कम नाममात्र होती; आपण पैशासाठी खेळतो हे उघड सांगण्याचं धाडस मोठं होतं. त्यातूनच १९७३ मध्ये लंडनला महिला टेनिस संघटना उभी राहिली. डब्ल्यूटीए म्हणतात ती हीच. १९७५ च्या नोव्हेंबरात तिने संगणकाने मांडलेली क्रमवारी सुरू केली. त्या दिवसापासून खेळाडूचं घराणं आणि ओळखपाळख यांपेक्षा एक आकडा मोठा ठरला. बार्शीच्या मुलीला दार उघडलं ते या आकड्याने, आणि तिचा जीव टांगणीला लावला तोही यानेच.

सालदाराचं साल

हा आकडा कसा बनतो?

प्रत्येक स्पर्धेला दर्जा आहे आणि दर्जाप्रमाणे गुण. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या विजेतीला २००० गुण मिळतात. त्याखाली डब्ल्यूटीएच्या १०००, ५००, २५० आणि १२५ गुणांच्या स्पर्धा. त्याखाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, म्हणजे आयटीएफची मालिका: डब्ल्यू १००, ७५, ५०, ३५ आणि अगदी तळाला डब्ल्यू १५. आजच्या पद्धतीत नावातला आकडा म्हणजेच विजेतीचे गुण. तळाच्या स्पर्धेत आठवडाभर एकही सामना न हरता मिळतात १५ गुण. विम्बल्डन जिंकणारीला मिळतात त्याच्या १३३ पट.

मेख पुढे आहे. हे गुण फक्त ५२ आठवडे जगतात.

खानदेशात सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं बांधलं जातं. गेल्या वर्षी किती राबलास याचा हिशेब त्या दिवशी मिटतो. नव्या सालाचं काम नव्याने. टेनिसमध्ये प्रत्येक आठवड्याची स्वतःची आखाजी असते. गेल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कमावलेले गुण या वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात खात्यातून निघून जातात. त्यांच्या जागी तेवढेच किंवा जास्त मिळवले तर नाव यादीत टिकतं, नाहीतर घसरतं. खेळाडू याला गुण राखणं म्हणतात. मागच्या वर्षी एखादी स्पर्धा जिंकलेली मुलगी या वर्षी त्याच आठवड्यात उपांत्य फेरीला पोचली, तरी सोमवारी लागणाऱ्या नव्या यादीत तिचं नाव खाली आलेलं असू शकतं. चांगलं खेळूनही तोटा होतो, असा हा धंदा.

दुखापत झाली तर? काही महिने गुडघा घेऊन घरी बसलेल्या मुलीचे गुण तसेच गळत राहतात. दीर्घ दुखापतीसाठी आणि बाळंतपणासाठी जुना क्रमांक वापरून काही स्पर्धांत उतरायची सवलत नियमात आहे. सानिया मिर्झा मुलाच्या जन्मानंतर २०२० च्या जानेवारीत होबार्टला परतली आणि पहिल्याच स्पर्धेत नादिया किचेनोकच्या जोडीने दुहेरी जिंकली. पण हे सानियासारखीचं झालं. यादीत चारशेव्या नंबरावर असलेल्या मुलीला जुना नंबर वापरून मिळतं तरी काय? पुन्हा तळाच्याच स्पर्धेचं दार.

पहिला गुण

व्यावसायिक टेनिसमध्ये मुलीला चौदा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय उतरता येत नाही, आणि अठरापर्यंत वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या यावर बंधन असतं. कोवळ्या वयात जगभर फिरून, जिंकून आणि मग करपून गेलेल्या मुली बघितल्यावर १९९० च्या दशकात हा नियम कडक झाला.

त्याआधीची पायरी देशातली. दहा वर्षांच्या आत लाल, नारिंगी आणि हिरव्या खुणेचे मंद चेंडू. मग १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालील गट. जिल्ह्यातून विभागाला, विभागातून राज्याला अशी शालेय स्पर्धांची एक वाट आहे. पण पुढे जाणारी मुलगी लवकरच अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या क्रमवारीच्या स्पर्धांकडे वळते. तेराव्या वर्षापासून आयटीएफच्या कनिष्ठ स्पर्धा खेळता येतात. मग एक दिवस ती डब्ल्यू १५ च्या पात्रता फेरीत नाव घालते.

तिथून पुढचा पहिला खरा टप्पा म्हणजे पहिला गुण. त्याचा चषक-बिषक काही मिळत नाही. एकेरीच्या जागतिक यादीत नाव लागायला किमान तीन स्पर्धांत गुण हवेत, किंवा एकूण दहा गुण तरी हवेत. यादीत नाव लागलं की मुलगी आठशे, हजार किंवा बाराशेव्या जागी कुठेतरी दिसते. घरात पेढे वाटले जातात आणि शेजाऱ्यांना कळत नाही की हजारावी येण्यात आनंद कसला.

आनंद कळतो तो खर्चाची वही उघडली की. डब्ल्यू १५ स्पर्धेचं एकूण बक्षीस १५,००० डॉलर. ते एकेरी-दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंत वाटायचं. विजेतीच्या हाती अडीच हजारांच्या आतली रक्कम येते आणि पहिल्या फेरीत हरणारीला साधारण दीडशे डॉलर. त्यातून कर कापला जातो. विमान, हॉटेल, रॅकेटची तार, सोबत आई किंवा प्रशिक्षक हा खर्च आपला. म्हणून या पातळीवरच्या मुली ट्युनिशियातल्या मोनास्टिर, तुर्कस्तानातल्या अंताल्या किंवा इजिप्तमधल्या शर्म अल-शेख अशा ठिकाणी मुक्काम ठोकतात. तिथे एकाच हॉटेलात आठवड्यामागून आठवडे स्पर्धा चालतात, भाडं एकदाच पडतं. हरली की खोलीत बसून कपडे धुवायचे आणि पुढच्या सोमवारी पुन्हा उतरायचं.

महाराष्ट्राच्या मुलींचं नशीब थोडं बरं, कारण पुणे, सोलापूर, नवी मुंबई इथे महिलांच्या आयटीएफ स्पर्धा होत आल्या आहेत. आपल्या राज्यात स्पर्धा भरली की संघटनेला काही जागा स्थानिक मुलींना थेट देता येतात. एका थेट प्रवेशाने पात्रता फेरीचे दोन-तीन सामने वाचतात, आणि कधीकधी पहिला गुण तिथेच सापडतो. गावात भरलेली स्पर्धा बघायला आलेल्या लोकांना ती करमणूक वाटते. खेळणाऱ्या मुलीसाठी तो वाचलेला विमानप्रवास असतो.

बार्शीची प्रार्थना

बार्शी म्हटलं की भगवंताचं देऊळ आठवतं, एके काळची अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे आठवते. टेनिस आठवत नाही. प्रार्थना ठोंबरे या गावातून निघाली आणि पुढे सरावासाठी हैदराबादला सानिया मिर्झाच्या अकादमीपर्यंत पोचली.

तिच्या वाटचालीतलं पहिलं मोठं वर्ष २०१४. दक्षिण कोरियातल्या इंचॉनच्या एशियाडमध्ये वीस वर्षांची प्रार्थना महिला दुहेरीत सानियाची जोडीदार होती. उपांत्य फेरीत समोर चायनीज तैपेईची शे सु-वेइ आणि तिची जोडीदार चान चिन-वेइ. शे त्याच वर्षी दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोचलेली. सामना एकेक सेट असा बरोबरीत गेला आणि निर्णायक टायब्रेकमध्ये भारतीय जोडी हरली. एशियाडच्या टेनिसमध्ये उपांत्य फेरीत हरलेल्या दोन्ही जोड्यांना कांस्य मिळतं. प्रार्थनाच्या गळ्यात एशियाडचं पदक आलं ते असं, एका हरलेल्या सामन्यानंतर.

दुसरा टप्पा रिओ. ऑलिंपिकच्या दुहेरीत जायचं तर दोघींचे क्रमांक मिळून बेरीज पुरेशी कमी असावी लागते. पण एक सवलत होती: दुहेरीत जगातल्या पहिल्या दहांत असलेल्या खेळाडूला आपल्या देशातली जोडीदार घेता येत होती, अट एवढीच, की जोडीदाराचं नाव क्रमवारीत पहिल्या तीनशेत हवं. २०१६ च्या जूनमध्ये सानिया दुहेरीत जगात पहिली होती. म्हणजे भारतातल्या एका मुलीला रिओचं तिकीट मिळणार हे नक्की होतं, आणि त्या दिवशी यादीत वर असणं एवढीच खरी परीक्षा होती. प्रार्थना तेव्हा दुहेरीत दोनशेच्या आसपास होती. तळाच्या स्पर्धांमध्ये, कुणाचं लक्ष नसताना आठवड्यामागून आठवडे गोळा केलेले ते गुण. एरवी त्यांतून हॉटेलचं भाडं निघालं नसतं. त्या एका सोमवारी त्यांनी ऑलिंपिकचं दार उघडलं.

ऑगस्टमध्ये रिओच्या कोर्टवर सानिया-प्रार्थनासमोर चीनच्या पेंग श्वाइ आणि झांग श्वाइ होत्या. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा भारताने ७-५ घेतला, तिसरा चीनने ७-५. पहिल्याच फेरीत खेळ संपला. ‘पहिल्या फेरीत बाद’ एवढीच नोंद राहिली. ती वाचणाऱ्याला त्या तीन सेटमधली ओढाताण दिसत नाही.

मग रिओनंतरचं काय? टीव्ही बंद झाला, सत्कार संपले आणि प्रार्थना पुन्हा आयटीएफच्या मालिकेत परतली. एकेरीत तिची मजल तीनशेच्या पलीकडेच थांबली. दुहेरीत मात्र ती वर्षानुवर्षं गुण राखत वर सरकत राहिली: विसाहून अधिक आयटीएफ विजेतेपदं आणि जागतिक दुहेरीत पहिल्या दीडशेत जागा. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला बिली जीन किंग चषकाची आशिया-ओशनिया गटाची स्पर्धा झाली, तेव्हा भारतीय संघात तिचं नाव होतं. त्या आठवड्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असं नमवून जागतिक प्लेऑफ गाठली. इंचॉननंतर अकरा वर्षांनी, तिशी ओलांडल्यावरही, ती अजून कामावर होती. माझ्या लेखी हा तिचा सगळ्यात मोठा टप्पा आहे, आणि तो दाखवायला पदक नाही.

जोडीने खेळण्याचं गणित

आपल्याकडच्या बहुतेक मुली पुढे दुहेरीकडे का वळतात, याला एकेरी जमली नाही म्हणून, असं उत्तर दिलं जातं. ते अर्धवट आहे.

एकेरीत ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत १२८ जणी असतात. त्यांतल्या १०४ जणींना थेट क्रमवारीवर जागा मिळते. उरलेल्या पात्रता फेरीतून किंवा खास निमंत्रणाने येतात. म्हणजे साधारण शंभराच्या आत यावं लागतं, आणि त्यासाठी वर्षभर युरोप-अमेरिकेत मोठ्या स्पर्धा खेळाव्या लागतात. सोबत प्रशिक्षक, फिजिओ, पळवून घेणारा हवा. भारतातून पन्नास वर्षांच्या यादीत एकेरीच्या पहिल्या तिसांत पोचली ती एकटी सानिया. २००७ मध्ये सत्ताविसावी.

दुहेरीत शरीरावरचा ताण निम्मा होत नाही, पण वाटून घेतला जातो. अर्धं कोर्ट आपलं, अर्धं जोडीदाराचं. लांब पळण्यापेक्षा जाळीजवळचा हात, सर्व्हिसची जागा आणि समोरच्याचा अंदाज याला जास्त किंमत असते. सर्व्हिस करायच्या आधी जाळीपाशी उभी असलेली जोडीदार पाठीमागे बोटांनी खूण करते: आडवी जाणार की जागेवर राहणार. ती खूण विरोधकांना दिसत नाही. सगळा डाव त्या दोन बोटांवर ठरतो. नेहमीच्या स्पर्धांत दुहेरीला ४०-४० झाल्यावर ड्यूसचा खेळ लांबत नाही. पुढचा एकच गुण गेम ठरवतो. एकेक सेट झाला तर तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. अशा आखूड सामन्यात ताकदीइतकीच डोकं शांत ठेवण्याची परीक्षा असते, आणि तिसाव्या वर्षीची खेळाडू इथे विसाव्या वर्षीच्या मुलीला भारी पडू शकते.

पैसे मात्र दुहेरीत कमीच, आणि तेही दोघींत वाटायचे. पण करिअर लांबतं. ज्या घराच्या मागे मोठा पुरस्कर्ता उभा नाही, त्या घरातल्या मुलीसाठी लांब करिअर हीच एक शाश्वती. अहमदाबादहून पुण्याला येऊन हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडलेल्या अंकिता रैनाचंही तसंच झालं. एकेरीत ती दीडशेच्या जवळ पोचली, २०१८ च्या एशियाडमध्ये एकेरीचं कांस्य तिने मिळवलं; पण डब्ल्यूटीएचं पहिलं विजेतेपद आलं दुहेरीतच, २०२१ मध्ये मेलबर्नला.

श्रीरामपूरची ऋतुजा

ऋतुजा भोसलेची वाट वेगळ्या वळणाने गेली. कनिष्ठ गटात ती जगात पहिल्या साठांत होती. त्या वयात बहुतेक मुली शिक्षण सोडून स्पर्धांच्या मागे लागतात. तिने अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात प्रवेश घेतला आणि विद्यापीठाच्या संघातून खेळली. अमेरिकेत विद्यापीठांचं टेनिस म्हणजे निम्मी व्यावसायिक मालिकाच: शिष्यवृत्तीवर शिक्षण, सराव, व्यायामतज्ज्ञ आणि दर आठवड्याला चुरशीचे सामने. उणीव एकच: त्या सामन्यांचे जागतिक गुण मिळत नाहीत. म्हणजे पदवी हातात येते तेव्हा बरोबरीच्या मुली यादीत बऱ्याच पुढे गेलेल्या असतात.

परतल्यावर तिने तळापासून सुरुवात केली. मार्च २०२० मध्ये दुबईत फेड चषकाच्या, म्हणजे आजच्या बिली जीन किंग चषकाच्या, आशिया गटात सानिया, अंकिता यांच्यासोबत ती भारतीय संघात होती. चीनकडून हरल्यानंतर त्या संघाने सलग चार लढती जिंकल्या आणि भारत पहिल्यांदाच जागतिक प्लेऑफला पोचला. त्या मोठ्या आठवड्यानंतर लगेच कोरोनाने जगभरच्या स्पर्धा बंद पाडल्या.

मग ३० सप्टेंबर २०२३, चीनमधलं हांगझोऊ. एक वर्ष पुढे ढकललेलं एशियाड. मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात ऋतुजाचा जोडीदार होता ४३ वर्षांचा रोहन बोपण्णा. पुरुष दुहेरीत तो आधीच अनपेक्षितपणे बाहेर पडलेला. त्याचं शेवटचं एशियाड रिकाम्या हाताने संपण्याच्या बेतात होतं. समोर चायनीज तैपेईची लिआंग एन-शुओ आणि ह्वांग त्सुंग-हाओ ही जोडी. पहिला सेट भारताने २-६ असा गमावला. मिश्र दुहेरीत विरोधी जोडी जोडीतल्या मुलीवर मारा करते, हे उघड गुपित आहे. पहिल्या सेटनंतर ऋतुजा सावरली, जाळीपाशी उभं राहून चेंडू अडवू लागली. दुसरा सेट ६-३, आणि दहा गुणांचा टायब्रेक १०-४. सुवर्ण. याआधी मिश्र दुहेरीचं सुवर्ण भारताने २००६ मध्ये दोह्याला आणि २०१४ मध्ये इंचॉनला जिंकलं, आणि दोन्ही वेळा जोडीतली मुलगी सानियाच होती. तिसरं नाव श्रीरामपूरचं लागलं.

दोन वह्या

हांगझोऊच्या सुवर्णाचे ऋतुजाला जागतिक क्रमवारीत किती गुण मिळाले? शून्य. इंचॉनच्या कांस्याचे प्रार्थनाला? शून्य. रिओतल्या त्या तीन सेटचे? ऑलिंपिकला २०१६ पासून क्रमवारीचे गुण नाहीत. जिंकली असती तरी शून्यच.

किराणा दुकानदाराकडे जशी रोखीची आणि उधारीची अशा दोन वह्या असतात, तशा भारतीय टेनिसपटूकडेही दोन असतात. पहिली वही गुणांची. तिच्यावर पुढच्या आठवड्याचा प्रवेश ठरतो, पोट ठरतं. आणि तिचं प्रत्येक पान ५२ आठवड्यांनी फाडलं जातं. दुसरी वही देशाची. तिच्यात एकदा लिहिलेलं नाव पुसलं जात नाही. पण त्या नावावर सोमवारच्या यादीत एक पायरीही चढता येत नाही. एशियाडच्या दोन आठवड्यांत देशासाठी खेळणारी मुलगी आपल्या गुणांच्या स्पर्धा सोडून आलेली असते.

गंमत अशी, की पहिल्या वहीचा खर्च बऱ्याचदा दुसरी भागवते. हांगझोऊनंतर महाराष्ट्र सरकारने एशियाडच्या सुवर्णपदकासाठी एक कोटी रुपये जाहीर केले. डब्ल्यू १५ च्या विजेतीला मिळणारे अडीच हजारांच्या आतले डॉलर रुपयांत मांडून बघा, म्हणजे फरक कळेल. सरकारी नोकरी, शिष्यवृत्ती, पुरस्कर्ता या सगळ्या गोष्टी दुसऱ्या वहीतून येतात. पण त्या वहीत नाव लागायला भारतीय संघात जागा हवी, आणि ती जागा मिळते ती पहिल्या वहीतल्या आकड्यावरून. म्हणून एकही वही सोडता येत नाही.

साडेसहा गुंठे

आता धुळ्याकडे येऊ. टेनिस कोर्टची लांबी २३.७७ मीटर, दुहेरीची रुंदी १०.९७ मीटर. मागे आणि बाजूला पळायची जागा धरली की सुमारे ६७० चौरस मीटर लागतात, म्हणजे साडेसहा गुंठे. जमीन मिळणं ही आपली मोठी अडचण नाही. अडचण आहे त्या जमिनीची. तापीच्या खोऱ्यातली काळी माती कपाशीला सोनं, कोर्टला वैरीण. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वर टाकलेलं काँक्रीट तिच्याबरोबर हलतं. ती पुरेशा खोलीपर्यंत उकरून, मुरूम भरून, दाबून, पाण्याचा उतार काढल्याशिवाय बांधलेल्या कोर्टला दोन-तीन पावसाळ्यांत तडा जातो. तड्यावर पडलेला चेंडू वेडावाकडा उडतो, आणि शिकणाऱ्या मुलीचा टप्प्यावरचा विश्वासच उडतो. त्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीसच्या वर. म्हणजे सराव पहाटे किंवा दिव्याखाली.

कोर्ट एकवेळ होईल. त्याहून अवघड आहे रोज समोर उभी राहणारी तोडीची मुलगी. टेनिस एकटीने शिकता येत नाही. दहा वर्षांच्या मुलीला आठवड्यातून पाच दिवस तिच्याइतक्याच जोराने चेंडू परतवणारं कुणीतरी लागतं. पुण्यात अशा पन्नास मुली सापडतील. धुळ्यात त्या तयार कराव्या लागतील, आणि एकदम दहा-बारा. एका मुलीचा हट्ट पुरवून भागणार नाही. बार्शी आणि श्रीरामपूरच्या मुलींनी एका वळणावर गाव सोडलं ते याच कारणाने. आपल्या मुलीही सोडतील. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. प्रश्न एवढाच, की गाव सोडताना तिची तयारी कितपत झालेली असेल.

म्हणून इथल्या पालकांनी हिशेब उलटा मांडावा. चषक कधी येईल हे विचारू नये. दहाव्या वर्षी मुलीला हिरव्या खुणेच्या चेंडूने वीस फटके सलग कोर्टात ठेवता येतात का? बाराव्या वर्षी नाशिकला, पुण्याला हरून परतताना आपण कुठे हरलो हे तिला सांगता येतं का? चौदाव्या वर्षी तिला अजून खेळावंसं वाटतं का? यांतलं काहीच वर्तमानपत्रात छापून येत नाही. पण पहिला गुण इथूनच सुरू होतो.

जोडीदार मिळेपर्यंत भिंत आहेच. शाळेच्या मागची, सिमेंटची, जमिनीपासून तीन फुटांवर जाळीच्या उंचीची खडूची रेघ मारलेली. भिंत कधी चुकत नाही आणि थकत नाही. तिच्यावर मारलेला चेंडू मारला तितक्याच घाईने परत येतो. त्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या आत पोचायचं, एवढं एकच काम ती मुलीला पुन्हा पुन्हा देते. प्रार्थना ठोंबरेच्या आयुष्यात दर सोमवार हेच काम घेऊन येत आला आहे.